वेगवान मोटारींचा घसारा

सराफाकडून नवा घडवून आणलेला गोफ दुसऱ्याच दिवशी परत नेला, तर सोन्याचा भाव मिळतो, घडणावळ मिळत नाही. हा व्यवहार घरोघर ठाऊक असल्यामुळे त्याचे कोणास वाईट वाटले, तरी नवल वाटत नाही. शर्यतीच्या जातीच्या मोटारी, ज्यांना स्पोर्ट्स मोटारी असेच सर्वत्र म्हटले जाते, त्यांच्या बाबतीत मात्र हे नवल अजून सरलेले नाही. जी मोटार मिळावी म्हणून श्रीमंतांनाही क्रमांक लावून थांबावे लागते, तीच पुढे पाच-सात वर्षांनी निम्म्या किमतीस विकाऊ म्हणून उभी असते. आणि पाहणाऱ्याच्या मनात सहजच येते की, हिचे बिघडले तरी काय? पुष्कळदा काहीच बिघडलेले नसते. ती पूर्वीइतकीच वेगाने धावते, तिचा रंगही उडालेला नसतो. हिशेबनिसांच्या भाषेत ज्याला घसारा म्हणतात, तो येथे यंत्राला लागण्यापूर्वी किमतीला लागलेला असतो.

एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमधील वोकिंग येथील मॅक्लारेन कारखान्याने २०११ साली ‘एमपी ४-१२सी’ ही मोटार बाजारात आणली. शर्यतींच्या मैदानावर हे नाव अनेक वर्षे गाजत होते. कार्बन-तंतूंचा केवळ ७५ किलो वजनाचा सांगाडा, त्यावर आठ सिलिंडरांचे ६०० अश्वशक्तीचे इंजिन, ताशी ३३० किलोमीटरांचा वेग आणि किंमत १,६८,५०० पौंड. जाणत्यांनी तिची वाखाणणी केली. तरीही काही वर्षांतच ती निम्म्या किमतीस मिळू लागली आणि पुढे निम्म्याच्याही खाली उतरली. याच काळात जर्मनीतील पोर्शे कारखान्याच्या ‘९११’ या मोटारीच्या कित्येक प्रकारांनी आपली किंमत बऱ्याच अंशी राखली. ती मोटार काही मॅक्लारेनहून वेगवान नव्हती. तेव्हा वेग आणि किंमत यांचे नाते जेवढे सरळ दिसते तेवढे ते नाही, हे उघड आहे.

किमतीचा पहिला मोठा तुकडा मोटार दुकानाबाहेर पडतानाच गळून पडतो. त्यात सरकारचा कर असतो आणि मालकाची हौस असते. अशा मोटारीचा पहिला ग्राहक आपल्या आवडीचा रंग, आसनांवरील कातड्याची शिवण, चाकांची घडण, कार्बनची नक्षी असे एकेक निवडीत जातो आणि छापील किमतीवर आणखी हजारो पौंड चढवितो. दुसऱ्या ग्राहकाला त्या हौसेचे काही देणे नसते. पहिल्याने मुद्दाम बनवून घेतलेला जांभळा रंग दुसऱ्याच्या दृष्टीने कित्येकदा सूट मागण्याचे एक कारण ठरतो.

भारतात हा पहिला तोटा अधिकच खोल जातो. परदेशातून तयार येणाऱ्या महाग मोटारींवर जवळजवळ मूळ किमतीइतकाच आयातकर वर्षानुवर्षे बसत आला आहे. त्यातच नोंदणीच्या वेळी एकरकमी भरावयाचा रस्ताकर राज्याराज्यांत वेगळा असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे एका राज्यातील मोटार बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवावयाची, तर तेथे नवी नोंदणी घ्यावी लागते आणि तेथील कर भरावा लागतो. पहिल्या राज्याकडून राहिलेल्या कराचा परतावा मिळविण्यासाठी कचेरीचे उंबरठे झिजवावे लागतात. कोल्हापूर आणि बेळगाव, सावंतवाडी आणि म्हापसे अशी ज्यांची रोजची ये-जा आहे, त्यांना हा अनुभव साध्या मोटारीच्या बाबतीतही नवा नाही. दोन-तीन कोटींच्या मोटारीला तोच कर दहा-दहा लाखांच्या पटींत भरावा लागतो. मग विकणारा आपल्याच राज्यातील ग्राहक शोधू लागतो आणि मुळातच तोकडा असलेला बाजार आणखी तोकडा होतो.

कर आणि हौस वजा जाता उरलेल्या किमतीत मोठा वाटा नवेपणाचा असतो. येथे कारखानदाराचीच करणी पुष्कळदा आड येते. मॅक्लारेनने ‘१२सी’ बाजारात आणून दोन वर्षेही झाली नव्हती, तोच तिची शक्ती ६२५ अश्वशक्तीपर्यंत वाढविली. जुन्या मालकांनाही ही वाढ विनामूल्य करून दिली, हे खरे. पण २०१४ साली ‘६५०एस’ आली आणि ‘१२सी’चे उत्पादन थांबले. २०१७ साली ‘७२०एस’ आली. या नावांतील आकडे अश्वशक्तीचेच असल्यामुळे कोणाची मोटार किती मागे पडली, हे सांगण्यास दुसऱ्या कोणाची गरज उरली नाही. ते मोटारीच्या पाठीवरच लिहिलेले असे. २०१८ साली तर या कारखान्याने २०२५ पर्यंत अठरा नव्या मोटारी वा त्यांचे नवे प्रकार काढण्याची योजना जाहीर केली. नवनवीन गाड्या काढणे कारखान्याच्या पोटाला आवश्यक असेल; परंतु आदल्या वर्षीच्या ग्राहकाला ती घोषणा कशी ऐकू आली असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. ज्याला सर्वांत पुढची मोटार हवी म्हणून तिची किंमत मोजावयाची आहे, तो मागची कशाला घेईल?

इटलीतील फेरारी कारखान्याने हे मर्म अधिक चांगले ओळखले असे म्हणावे लागते. बाजारास हव्या असतील त्याहून एक मोटार कमीच करावी, असे धोरण संस्थापक एन्झो फेरारी यांच्या नावावर सांगितले जाते. २०१३ साली मागणी असताना या कारखान्याने जाणूनबुजून वर्षाचे उत्पादन सात हजारांच्या आत ठेवले होते. पुढे तो संयम सैल झाला; २०२३ मध्ये तेरा हजार सहाशेंहून अधिक मोटारी बाहेर पडल्या. तरी मागणीच्या मानाने ती संख्याही तोकडीच ठेवलेली आहे. आणि तरीदेखील फेरारीच्या सगळ्याच मोटारी किंमत राखतात, असे मुळीच नाही. चार आसनांच्या आणि मोठ्या संख्येने निघालेल्या फेरारी साध्या महाग मोटारींसारख्याच घसरत आलेल्या आहेत.

नवेपणाचे सांगून झाले तरी मूळ दुखणे बाजूलाच राहते. ते असे की, मोटारीची किंमत उतरते, पण तिचा खर्च उतरत नाही. दीड लाख पौंडांची मोटार साठ-सत्तर हजारांना मिळाली म्हणून तिचे टायर निम्म्या दरात मिळत नाहीत. तिचे ब्रेक, तिचा क्लच, तिचा विमा, तिला हात लावू शकणाऱ्या कारागिराची मजुरी, ही सगळी दीड लाखांच्या मोटारीचीच राहतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशी ही गत आहे.

याचे स्वरूप नीट समजण्यासाठी मोटारीच्या पोटात डोकावले पाहिजे. १९९४ ते १९९९ या काळात निघालेली फेरारीची ‘३५५’ ही मोटार दिसावयास इतकी देखणी की, तिची छायाचित्रे आजही भिंतींवर असतात. तिचे इंजिन चालकाच्या पाठीमागे, मोटारीच्या मध्यभागी, दाटीवाटीने बसविलेले आहे. इंजिनातील झडपा वेळेवर उघडण्या-मिटण्यासाठी रबराचे दातेरी पट्टे असतात आणि ते दर काही वर्षांनी बदलावेच लागतात. कारण पट्टा तुटला तर झडपा आणि दट्टे एकमेकांवर आदळून इंजिनाचा चुरा होतो. साध्या मोटारीत हे काम बॉनेट उघडून काही तासांत होते. ‘३५५’ मध्ये मात्र पट्ट्यांपर्यंत हातच पोहोचत नाही. त्यासाठी संपूर्ण इंजिन खाली उतरवून बाहेर काढावे लागते. पट्टा स्वस्त आहे, पण त्याच्यापर्यंत जाण्याची वाट हजारो पौंडांची आहे. आणि मोटार धावली नाही तरी ही वाट चुकत नाही, कारण रबर किलोमीटरांनी तसे वर्षांनीही म्हातारे होते.

ब्रेकचेही असेच. अलीकडच्या बहुतेक अतिवेगवान मोटारींना लोखंडाऐवजी कार्बन आणि सिरॅमिक यांच्या मिश्रणाच्या चकत्या असतात. त्या हलक्या असतात, प्रचंड उष्णता सोसतात आणि जपून वापरल्यास पुष्कळ वर्षे टिकतात. पण त्यांची कड टवकली किंवा शर्यतीच्या धावपट्टीवर त्यांची झीज झाली, तर चारही चाकांच्या चकत्या बदलण्यास जो खर्च येतो, त्यात एखादी साधी नवी मोटार दारात येऊ शकते.

आता या मोटारीचा दुसरा-तिसरा ग्राहक कोण, हे पाहावे. ज्याला असा खर्च सहज झेपतो, त्याला बहुधा नवीच मोटार परवडते आणि तो नवीच घेतो. ज्याला उतरलेली किंमत मोहात पाडते, त्याला पुढचा खर्च झेपत नाही. या दोहोंच्या मध्ये जी माणसे उरतात, म्हणजे ज्यांना जुनी मोटार आवडते आणि तिचा खर्चही सोसवतो, ती फार थोडी. दहा विकणारे आणि तीन घेणारे असा हा बाजार असल्यावर भाव कोण ठरविणार, हे सांगावयास नको.

त्यातही खरी हानी होते ती मधल्या माणसाची. पगारदार किंवा लहान व्यावसायिक असा एखादा तरुण, लहानपणापासून ज्या मोटारीचे चित्र उशाशी बाळगले ती आवाक्यात आली म्हणून साठविलेले पैसे आणि थोडे कर्ज घालून ती घेतो. पहिले वर्ष आनंदात जाते. मग कारखान्याच्या अधिकृत दुरुस्तीगृहातून खर्चाचा अंदाज येतो आणि तो वाचून झाल्यावर कामाची यादी दोन भागांत विभागली जाते: आता करावयाचे आणि पुढे बघू. ‘पुढे बघू’चा भाग वाढत जातो. पट्टे आणखी एक वर्ष चालतील, तेल जवळच्याच गॅरेजात बदलू, टायर दुसऱ्या बनावटीचे घालू. अखेर मोटार विकायला निघते, तेव्हा न केलेल्या प्रत्येक कामाची वजावट पुढचा ग्राहक किमतीतून करतो, आणि मालकाच्या डोक्यावर कर्ज मात्र पूर्वीच्या किमतीचे राहते. दारी हत्ती झुलतो हे वैभव खरे. पण हत्ती विकत घेताना त्याच्या चाऱ्याचा हिशेब ज्याने मांडला नाही, त्याच्या दारातला हत्ती आधी रोडावतो आणि मग त्याला कोणी घेत नाही.

अशा काही मोटारी बाजारात हिंडत असल्यामुळे सगळ्याच मोटारींवर संशयाची सावली पडते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. सदोष मोटारीला अमेरिकन बोलीत ‘लेमन’ म्हणजे लिंबू म्हणतात, आणि निबंधाच्या नावातच हा शब्द होता. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: मोटार चांगली की वाईट हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा मधला भाव देतो. त्या भावात चांगली मोटार विकणे परवडत नाही, म्हणून चांगल्या मोटारींचे मालक बाजारातून काढता पाय घेतात. उरलेल्यांत लिंबांचे प्रमाण वाढते. त्यामुळे भाव आणखी खाली येतो. हा निबंध प्रसिद्ध होण्यापूर्वी अनेक नियतकालिकांनी साभार परत पाठविला होता. त्यात काही विशेष नाही, असेही एकाचे मत पडले म्हणतात. २००१ साली अ‍ॅकरलॉफ यांना अन्य दोघांसह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अतिवेगवान मोटारीच्या बाबतीत हा संशय काही अंशी साधार असतो, कारण तिचा उपयोग कोणी कसा केला हे तिच्या चेहऱ्यावर दिसत नाही. गेल्या दोन-तीन दशकांत मोटारीतच संगणक आल्यामुळे काही गोष्टी मात्र उघड होऊ लागल्या आहेत. पोर्शेच्या मोटारीतील यंत्रणा इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा फिरविले गेले, याची नोंद ठेवते आणि जाणता ग्राहक तो कागद पाहिल्याशिवाय बोलणी पुढे नेत नाही. फेरारीच्या पहिल्या स्वयंचलित गिअरांच्या मोटारींत क्लच किती टक्के झिजला, ते संगणक जोडून वाचता येते. साताबाऱ्याचा उतारा पाहिल्याविना जमीन घेऊ नये, त्यातलाच हा प्रकार.

या संशयातून एक विपरीत चाल मात्र रूढ झाली आहे. कमी धावलेल्या मोटारीला अधिक भाव मिळतो, म्हणून मालक ती चालवीतच नाहीत. वर्षाला चार-पाचशे किलोमीटर धावणाऱ्या मोटारी इंग्लंड-अमेरिकेत पुष्कळ आहेत. पण उभ्या राहिलेल्या यंत्राची रबरे सुकतात, तेल खाली बसते, बॅटरी मरते. जी वस्तू केवळ धावण्यासाठी जन्माला आली, ती किंमत राखण्यासाठी झाकून ठेवावयाची आणि झाकून ठेवल्यामुळेच ती बिघडावयाची, याला शहाणपण म्हणणे कठीण आहे.

किमतीचा हा उतार काही वेळा कड्यासारखा सरळ तुटतो. १९८८ च्या ऑगस्टमध्ये एन्झो फेरारी निधन पावले, तेव्हापासून त्यांच्या हयातीत निघालेल्या ‘एफ ४०’ या मोटारीवर सट्टा सुरू झाला. मूळ किमतीच्या कित्येक पट देऊन लोक ती घेऊ लागले. चालविण्यासाठी नव्हे, विकण्यासाठी. याच हवेत १९८८ साली बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात जॅग्वारने ‘एक्सजे २२०’ चा नमुना मांडला. बारा सिलिंडरांचे इंजिन आणि चारही चाकांना शक्ती, असे त्याचे वर्णन होते. पन्नास हजार पौंड अनामत भरून लोकांनी नावे नोंदविली. मोटार १९९२ मध्ये हाती येऊ लागली, तेव्हा तिच्यात सहा सिलिंडरांचे इंजिन होते, शक्ती मागच्या दोनच चाकांना होती, आणि महागाईप्रमाणे वाढत जाणारी किंमत ४,७०,००० पौंडांच्या घरात गेली होती. मधल्या काळात ब्रिटनमध्ये व्याजाचे दर पंधरा टक्क्यांपर्यंत चढले होते आणि मंदी आली होती. वस्तुतः ती त्या वेळच्या सर्वांत वेगवान मोटारींपैकी एक होती. परंतु सट्टा करणाऱ्याला वेगाशी काय करावयाचे? कित्येकांनी करारातून सुटण्यासाठी न्यायालयाची वाट धरली. जेमतेम पावणेतीनशेच्या आसपास मोटारी निघाल्या आणि त्यांतील काही १९९७ पर्यंत मूळ किमतीच्या निम्म्याहून खूप खाली विकाव्या लागल्या. ‘एफ ४०’ चा भावही तोवर जमिनीवर आला होता.

आज या दोन्ही मोटारींना पुन्हा मोठी मागणी आहे. ‘एफ ४०’ तर मूळ किमतीच्या अनेक पटींनी महाग झाली आहे. घसाऱ्याचा तळ एकदा लागला की काही मोटारी पुन्हा वर चढतात. पण सगळ्या चढत नाहीत, आणि कोणत्या चढतील हे बऱ्याच अंशी संख्येवर आणि त्या जातीची पुढची मोटार निघणार की नाही, यावर अवलंबून असते. हाताने गिअर बदलावयाच्या फेरारी मोटारी २०१० नंतर लवकरच बंद पडल्या. त्यामुळे त्यांच्याच काळातील स्वयंचलित गिअरांच्या मोटारींपेक्षा त्यांना आता कितीतरी अधिक भाव येतो. नव्या असताना ग्राहकांनी त्यांनाच मागास ठरविले होते.

तळ किती खोल असू शकतो, याचे एक जुने उदाहरण ‘बुगाती रोयाल’ या राजेशाही मोटारीचे आहे. ही अवाढव्य मोटार एकंदर सहाच निघाली आणि मंदीमुळे तीनच गिऱ्हाइकांना विकली गेली. त्यांपैकी एक न्यूयॉर्कच्या एका भंगारखान्यात पोहोचली होती. थंडीत पाणी गोठून तिचे इंजिन तडकले होते. १९४६ साली जनरल मोटर्सचे अभियंते चार्ल्स चेन यांनी ती ४०० डॉलरना घेतली, दुरुस्त केली आणि पुढे हेन्री फोर्ड यांच्या नावाच्या संग्रहालयास दिली. तिचीच एक बहीण १९८७ साली लंडनच्या लिलावात ५५ लाख पौंडांना गेली. त्याच मंदीच्या दशकात इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांनी अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कारखान्याची ‘एसजे’ ही ३२० अश्वशक्तीची मोटार मागविली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून साज चढवून घेतला. तो कारखाना १९३७ साली बुडाला. मालकाने जपली म्हणून ती मोटार राहिली, आणि पुढे अमेरिकेत परतली; तिच्यासारख्या दुसऱ्या अनेक मोटारी दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तिकडे कवडीमोलाने हातोहात फिरत होत्या.

मात्र त्या काळच्या मोटारी लोखंडाच्या होत्या. तडकलेले इंजिन कसबी लोहाराला आणि सांधणाऱ्याला नीट करता येत असे. न मिळणारा भाग नव्याने घडविता येत असे. ‘१२सी’ सारख्या मोटारीत तशीच निकड पडदा, संवेदक आणि संगणकाची आज्ञावली यांची असते, आणि ती हातोडीने घडविता येत नाहीत. विजेवर चालणाऱ्या वेगवान मोटारींत ही अडचण आणखी वाढली आहे. पोर्शेची ‘टायकन’ २०१९ च्या अखेरीस ग्राहकांच्या हाती आली. तिची किंमत त्याच कारखान्याच्या ‘९११’ पेक्षा फार जलद उतरली. २०२४ साली तिची नवी आवृत्ती जाहीर झाली, तेव्हा एका भरणीत जाण्याचे अंतर ३५ टक्क्यांपर्यंत वाढल्याचे कारखान्यानेच सांगितले, आणि जुनी मोटार एका दिवसात आणखी जुनी झाली. तिच्या बॅटरीची हमी आठ वर्षांची आहे. पहिल्या मोटारींची ही मुदत २०२७ च्या अखेरीस संपावयाची आहे, आणि जुन्या ‘टायकन’ घेणारे ग्राहक मोटारीच्या रंगाआधी हमीची ती तारीख विचारतात.